समुद्रांतील वादळ आणि वाशिमचें खळें

चक्रीवादळ हें किनाऱ्यावरील लोकांचें संकट, त्याच्याशीं आपला काय संबंध, अशी वऱ्हाडांतील शेतकऱ्याची जुनी समजूत आहे. ती अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वाशिमपासून पश्चिमेचा अरबी समुद्र साडेचारशें किलोमीटरांहून दूर आहे, आणि पूर्वेस बंगालच्या उपसागराचा आंध्रांतील किनारा त्याहूनही दूर आहे. समुद्राची लाट रिसोडास येत नाहीं, आणि मानोऱ्यास होड्या फुटत नाहींत. तथापि सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावर चढलेल्या 'गुलाब' नांवाच्या वादळाच्या उरल्यासुरल्या अंगानें पश्चिम विदर्भ व मराठवाडा या भागांतील काळ्या जमिनीवर असा पाऊस पाडला, कीं हातातोंडाशीं आलेलें सोयाबीन शेतांतच भिजून गेलें.

हें संकट एकदां येऊन गेलें म्हणून विसरण्यासारखें नाहीं. ज्या पंधरवड्यांत आपल्याकडे सोंगणी चालते, त्याच सुमारास समुद्रावर वादळें उठण्याचा पावसाळ्यानंतरचा हंगाम सुरू होत असतो. सबब वादळ म्हणजे काय, तें आपल्यापर्यंत कसें पोहोंचतें, त्यापासून पिकाची हानि कोणकोणत्या प्रकारें होते, सरकारी साहाय्याचा आधार कितपत आहे, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातीं काय उरतें, याचा विचार या लेखांत क्रमानें करण्याचें योजिलें आहे. वाचकांनीं तो घरीं वाचून ठेवण्यापेक्षां चार जणांत बसून वाचावा, अशी आमची विनंति आहे.

१. वादळाची घडण

अटलांटिक महासागरांत ज्यास हरिकेन म्हणतात आणि चीन-जपानच्या समुद्रांत ज्यास टायफून म्हणतात, तेंच आपल्याकडील चक्रीवादळ होय. इंग्रजींतील 'सायक्लोन' हें नांव मात्र आपल्याच देशांत जन्मास आलें. कलकत्त्यास राहणारे हेन्री पिडिंग्टन यांनीं १८४८ मध्यें खलाशांसाठीं लिहिलेल्या पुस्तकांत तें सुचविलें. सापाच्या वेटोळ्यावरून त्यांना तें सुचलें होतें. नांव यथार्थ आहे. आकाशांतून पाहिलें असतां ढगांचें तें प्रचंड वेटोळेंच दिसतें.

समुद्राच्या वरच्या थराचें उष्णतामान सुमारें २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेलें म्हणजे पाण्याची वाफ विपुल होते. ती वर चढून थंड होतांना तिच्यांत दडलेली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेनें भोंवतालची हवा आणखी हलकी होऊन वर जाते, खालीं हवेचा दाब कमी होतो, आणि चोहों बाजूंची हवा तिकडे धांव घेते. पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ही धांव सरळ न राहतां वळते. आपल्या उत्तर गोलार्धांत ती घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें फिरूं लागते. गुऱ्हाळाच्या चुलाण्याला जसें चिपाड, तशी या वादळाला समुद्राची वाफ. जोंपर्यंत ती मिळत आहे तोंपर्यंत त्याचा जोर वाढत जातो.

वादळापाशीं तीन हत्यारें असतात: वारा, समुद्राची चढलेली लाट, आणि पाऊस. तें जमिनीवर आलें कीं वाफेचा पुरवठा तुटतो. लाट किनाऱ्यावरच संपते, वाऱ्याचा जोर एका-दोन दिवसांत ओसरतो. परंतु तिसरें हत्यार, म्हणजे पाऊस, तें आंतल्या मुलुखांत शेंकडों किलोमीटर वाहून नेतें. त्यांतून नैर्ऋत्य मोसमी वारे अद्याप परतले नसतील, तर अरबी समुद्राकडील ओलावाही त्या वेटोळ्यांत ओढला जातो, आणि वारा मेला तरी पाऊस मरत नाहीं. आपल्या जिल्ह्याचा वादळाशीं जो संबंध येतो तो या तिसऱ्या हत्याराशींच. वर्तमानपत्रांत 'वादळ निवळलें' असें वाचून निर्धास्त होणाऱ्या शेतकऱ्यानें हा भेद पक्का ध्यानांत ठेवला पाहिजे.

२. 'गुलाब' वादळाचा मार्ग

बंगालच्या उपसागरांत निर्माण झालेल्या या वादळास २५ सप्टेंबर २०२१ रोजीं 'गुलाब' हें नांव मिळालें. आपल्या भोंवतालच्या समुद्रांतील वादळांना नांवें देण्याचा प्रघात २००४ पासून चालू आहे. समुद्राभोंवतालचीं राष्ट्रें आपापलीं नांवें आगाऊ सुचवितात, आणि त्या यादींतून क्रमानें तीं दिलीं जातात. 'गुलाब' हें नांव पाकिस्तानानें सुचविलेलें होतें. २६ सप्टेंबरच्या सायंकाळीं तें आंध्रांतील कलिंगपट्टणमच्या उत्तरेस किनाऱ्यावर चढलें. त्या वेळीं वाऱ्याचा वेग ताशीं ७५ ते ८५ किलोमीटर होता, म्हणजे वादळांच्या मानानें तें मध्यमच होतें.

तेथून तें पश्चिमेकडे तेलंगणावरून सरकत आलें. २७ तारखेस त्याचा जोर उतरला, आणि २८ तारखेस पश्चिम विदर्भ व लगतचा मराठवाडा यांवर तें ठळक कमी दाबाचें क्षेत्र बनून राहिलें. वाऱ्याच्या हिशेबीं त्याचें वादळपण संपलें होतें. पावसाच्या हिशेबीं आपल्या भागांत तें तेव्हांच पोहोंचलें होतें. मराठवाड्यांत मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत उमरखेडजवळ दहागांवच्या नाल्यावर पुलावरून पाणी वाहत असतां एक प्रवासी बस वाहून गेली, व माणसें दगावलीं. पुढें हेंच क्षेत्र गुजरातेवरून अरबी समुद्रांत उतरलें. तेथें पुन्हां वाफ मिळतांच त्याचें 'शाहीन' नांवाचें नवें वादळ झालें, आणि ३ ऑक्टोबर रोजीं तें ओमानच्या किनाऱ्यावर आदळलें. एका समुद्रांत उठलेलें वेटोळें आपल्या शेतांवरून चालत जाऊन दुसऱ्या समुद्रांत पुन्हां उभें राहिलें, असा हा प्रकार आहे. यावरून आपला जिल्हा वादळांच्या वाटेबाहेर नाहीं, हें उघड होतें.

३. पावसाचें गणित व आपली जमीन

एका दिवसांत महसूल मंडळांत ६५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला, म्हणजे महसूल खात्याच्या भाषेंत ती अतिवृष्टि होय. हा आंकडा कागदावर लहान दिसतो. त्याचें वजन समजावें म्हणून साधें गणित करूं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरावर दहा हजार लिटर पाणी. १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका एकरावर सुमारें चार लाख लिटर पाणी उतरलें. पांच एकरांच्या धन्याच्या शेतांत एका रात्रींत वीस लाख लिटर पाणी येऊन पडतें, आणि त्यास जाण्यास धुऱ्याच्या कोपऱ्यांतली एक अरुंद नाली असते.

बेसाल्टाच्या काळ्या खडकापासून झालेली आपली जमीन ओल धरून ठेवण्यांत नामांकित आहे. कोरडी असतां तिला भेगा पडतात व पहिलें पाणी ती भराभर पिते; परंतु ओली झाली कीं तिची चिकणमाती फुगते, भेगा बुजतात, आणि मग पाणी खालीं जाण्याचें जवळजवळ थांबतें. सप्टेंबरच्या अखेरीस जमीन आधींच तृप्त असते. अशा वेळीं आलेलें पाणी मुरत नाहीं, तें सांचतें किंवा वाहतें. पैनगंगा, अडाण, अरुणावती, काटेपूर्णा यांच्या खोऱ्यांतील उताराच्या रानांत तें माती खरडून नेतें. नदीकांठच्या सखल वावरांत तें दिवसचे दिवस उभें राहतें. मुळांनाही श्वासाला हवा लागते. पाण्यानें मातींतील हवा हांकलून दिली म्हणजे मुळें गुदमरतात, आणि तूर व कपाशी उभ्या उभ्या सुकतात. पाण्यांत उभें राहून झाड सुकतें हें पाहणाऱ्यास आश्चर्य वाटतें. पण मूळ मेल्यावर पाणी कितीही असलें तरी तें वर कोण चढविणार?

४. सोयाबीनच्या हानीचे प्रकार

वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत, म्हणजे वाशिम, रिसोड, मालेगांव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा यांत, सोयाबीन हेंच खरिपाचें मुख्य पीक होय. त्याच्या वयाचा हिशेब पाहिला म्हणजे संकटाचें मूळ कळतें. २२ जूनला पेरलेलें व ९७ दिवसांत पिकणारें सोयाबीन बरोबर २७ सप्टेंबरला कापणीस येतें. २०२१ मध्यें वादळाचा पाऊस आपल्याकडे आला तो याच तारखेच्या आगेमागें. शेंग पिवळी पडली होती, मजूर ठरले होते, कोणाच्या सुड्या लागल्या होत्या, कोणाचें पीक सरीवर कापून पडलें होतें.

हानि एकाच तऱ्हेची होत नाहीं. म्हणून उपायही एकच असूं शकत नाहीं.

पहिला प्रकार, उभें पिकलेलें सोयाबीन. पावसांत शेंगा भिजतात, उन्हांत वाळतात, पुन्हां भिजतात. या ओढाताणींत त्या तडकून दाणा खालीं पडतो. पाऊस लांबला तर शेंगेंतच दाण्यास कोंब फुटतात.

दुसरा प्रकार, कापून जमिनीवर पसरलेलें पीक. हें सर्वांत दुर्दैवी. खालून चिखल, वरून पाऊस, आणि वारा खेळण्यास जागा नाहीं. दोन दिवसांत शेंगा काळ्या पडतात व बुरशी धरते.

तिसरा प्रकार, न झांकलेली सुडी. वरचा थर भिजतोच. पण खरा धोका आंत असतो. ओल्या ढिगांत ऊब निर्माण होते, आणि हात घातला असतां वाफ लागते. असा माल पुढें हडंब्यांतून काढला तरी डागी निघतो.

चौथा प्रकार, मळणी होऊन घरांत आलेला ओला माल. बाजारांत त्याचा भाव पडतो. हमीभावाच्या खरेदींत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असे; २०२४ च्या हंगामांत केंद्र सरकारनें ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. सवलत मिळो अथवा न मिळो, ओला दाणा पोत्यांत टिकत नाहीं.

पांचवा प्रकार डोळ्यांना दिसत नाहीं, आणि म्हणूनच तो सर्वांत घातक आहे. तो म्हणजे बियाण्याचा नाश. सोयाबीनच्या दाण्याची साल फार पातळ असते, आणि आंतला अंकुर सालीच्या लगतच असतो. भिजून वाळलेला दाणा दिसण्यांत बरा दिसतो, पण त्याची उगवणशक्ति गेलेली असते. ऑक्टोबर २०१९ मध्यें 'क्यार' व मागोमाग 'महा' हीं वादळें अरबी समुद्रांत उठलीं, आणि काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. जून २०२० मध्यें विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर लोटला. बियाण्यांतील लबाडी हें त्याचें एक कारण सांगितलें गेलें. काढणीच्या वेळीं भिजलेलें बी हें दुसरें. म्हणजे आश्विनांत पडलेल्या पावसाचा घाव पुढल्या मृगांत उघडा पडतो.

५. सरकारी साहाय्य व पीकविमा

२०२१ च्या पावसाळ्यांतील अतिवृष्टि व पूर यांपासून महाराष्ट्रांत ५५ लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्राची हानि झाल्याचें सरकारनें सांगितलें. १३ ऑक्टोबर २०२१ रोजीं राज्य सरकारनें १०,००० कोटि रुपयांचें साहाय्य जाहीर केलें. जिरायत पिकांस हेक्टरीं १०,००० रुपये, बागायत पिकांस १५,००० रुपये आणि बहुवार्षिक पिकांस २५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, असा तो दर होता. राष्ट्रीय निकषांप्रमाणें जिरायतीचा दर त्या वेळीं हेक्टरीं ६,८०० रुपये होता. तेव्हां राज्यानें हात कांहींसा मोकळा सोडला, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु हिशेब शेतकऱ्याच्या वहींतूनही पाहिला पाहिजे. हेक्टरीं १०,००० म्हणजे एकरीं ४,००० रुपये. त्या वर्षीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ३,९५० रुपये होता. एकरीं पांच क्विंटलांचा उतारा धरला तर १९,७५० रुपयांचा माल झाला. साहाय्य त्याच्या पांचव्या हिश्श्याएवढें. अशा साहाय्यानें पुढल्या पेरणीच्या बियाण्याची सोय होईल. गेलेलें वर्ष परत येणार नाहीं. यांत कोणास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. साहाय्य हें काठीसारखें आहे. तें उभें राहण्यास उपयोगी पडतें, चालावें आपल्यालाच लागतें.

पीकविम्याची स्थिति निराळी आहे, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहे. २०२१ मध्यें प्रधानमंत्री पीकविमा योजनेंत स्थानिक आपत्तीची खबर ७२ तासांच्या आंत द्यावी लागे. तसेंच कापून सुकण्यास पसरलेल्या पिकाचें चवदा दिवसांच्या आंत अवकाळी पावसानें नुकसान झालें, तर तेंही विम्यांत धरलें जाई. ज्यांनीं वेळेवर खबर दिली त्यांच्या शेताची पाहणी झाली. ज्यांनीं रस्ता उघडण्याची वाट पाहिली त्यांचा हक्क बुडाला. २०२५ च्या खरिपांत महाराष्ट्रानें योजनेचें रूप बदललें: हीं वेगळीं संरक्षणें वगळून, पीककापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर भरपाई ठरविण्याचा निर्णय झाला. याचा अर्थ असा, कीं त्या पद्धतींत एका शेतकऱ्याची सुडी भिजली, पण मंडळाचा उतारा घटला नाहीं, तर त्याचें दुःख विमा कंपनीच्या वहींत उमटत नाहीं. योजनेच्या अटी वर्षोंवर्षीं बदलतात. यास्तव हप्ता भरण्यापूर्वीं त्या वर्षाचा शासननिर्णय कृषि सहायकाकडून वाचून घेणें, हें पेरणीइतकेंच जरूरीचें काम आहे.

६. इशाऱ्याची किंमत

२९ ऑक्टोबर १९९९ रोजीं ओडिशांत पारादीपजवळ महाचक्रीवादळ आलें, व सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं त्याच राज्यांत गोपाळपूरजवळ 'फायलिन' हें अति तीव्र वादळ आलें. मधल्या चवदा वर्षांत ओडिशानें निवारे बांधले, गांवोगांव तरुणांस शिक्षण दिलें, आणि इशारा मिळतांच लाखों लोकांस आधींच हलविलें. परिणामीं मृत्यूंचा आंकडा शंभराच्याही आंत राहिला. वादळास त्यांनीं अडविलें नाहीं. वादळ येण्यापूर्वींचे तास त्यांनीं कामीं लावले.

किनाऱ्यावर इशाऱ्यानें माणूस वांचतो. आपल्याकडे त्यानें माणूस तर वांचेलच, शिवाय दाणाही वांचेल. 'गुलाब' समुद्रावर बनल्यापासून त्याचा पाऊस आपल्याकडे जोर धरीपर्यंत सुमारें दोन दिवस मिळाले होते. या दोन दिवसांचें काय करावयाचें, हा या लेखाचा खरा प्रश्न आहे.

इशारा मिळण्याचीं साधनें आतां विपुल आहेत. भारतीय हवामान खातें जिल्हावार इशारे हिरव्या, पिवळ्या, नारंगी व लाल रंगांत देतें. ग्रामीण कृषि हवामान सेवेचें पत्रक मंगळवारीं व शुक्रवारीं निघतें. 'मेघदूत' हें पिकांच्या सल्ल्याचें आणि 'दामिनी' हें विजेच्या इशाऱ्याचें, अशीं दोन साधनें मोबाइलवर फुकट मिळतात. आमची सूचना इतकीच, कीं १५ सप्टेंबरपासून दिवाळीपर्यंत प्रत्येक गांवानें बंगालच्या उपसागरावर नजर ठेवावी. तेथें कमी दाबाचें क्षेत्र झालें व तें पश्चिमेकडे निघालें असें कळतांच, आपल्यावर आभाळ निरभ्र असलें तरी, तयारीस लागावें.

७. शेतकऱ्यानें काय करावें

पेरणीच्या वेळीं. तयारी सप्टेंबरांत सुरू होत नाहीं, ती जूनमध्यें होते. सोयाबीन सपाट न पेरतां रुंद वरंबा व सरी या पद्धतीनें पेरावें. सरीवाटे जादा पाणी निघून जातें, आणि पावसानें ताण दिला तर तीच सरी ओल धरते. तें यंत्र न मिळाल्यास चार-सहा तासांनंतर एक सरी मोकळी सोडावी. सरीचें तोंड उताराच्या नालीस, आणि नालीचें तोंड गांवनाल्यास मिळालें आहे कीं नाहीं, हें प्रत्यक्ष चालून पाहावें. दुसरें, सर्व रान एकाच वाणाखालीं घालूं नये. जे. एस. ९३०५ हा वाण ९० ते ९५ दिवसांत, जे. एस. ३३५ हा ९५ ते १०० दिवसांत, आणि फुले संगम हा १०० ते १०५ दिवसांत येतो. वाण वांटून पेरले म्हणजे सोंगणीही वांटली जाते, आणि एका रात्रीचा पाऊस सर्व घरावर पडत नाहीं.

इशारा मिळाल्यावर. पीक पिवळें झालें आहे आणि दोन दिवसांनीं पाऊस आहे. कापावें कीं ठेवावें? या प्रश्नांत पुष्कळ शेतकरी घाबरून सर्व रान कापून टाकतात, आणि मग झांकण्यास कांहीं उरत नाहीं. आमचें मत असें, कीं कापणी ताडपत्रीच्या मापानें करावी, शेताच्या मापानें करूं नये. जेवढें त्या दोन दिवसांत मळतां येईल किंवा उंचवट्यावर सुडी लावून झांकतां येईल, तेवढेंच कापावें. उरलेलें उभें राहूं द्यावें. उभ्या झाडावरील शेंगेचें पाणी निथळतें व तिला वारा लागतो, जमिनीवर पडलेल्या शेंगेस तें सुख नाहीं. उभ्या पिकांतून थोडा दाणा झडेल, पण पसरलेलें पीक सबंध जाण्याचें भय आहे. मात्र शेंगा तडकण्याच्या बेतास आलेलें रान असेल, तर तेंच प्रथम हातीं घ्यावें.

सुडी लावतांना. जागा खळ्याच्या उंच भागीं, नालीपासून दूर निवडावी. खालीं तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर द्यावा, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाहीं. सुडी माथ्याला निमुळती करावी, ताडपत्री दोरानें बांधावी, आणि भोंवतीं टीचभर खोल चर काढावा. ऊन पडतांच ताडपत्री उघडावी. झांकून ठेवलेली ओली सुडी आंतून तापते.

पाऊस थांबल्यावर. प्रथम जीव, मग पीक. पुलावरून पाणी वाहत असेल तर पलीकडे रान कितीही हांका मारीत असलें तरी उतरूं नये. विजा चालूं असतां झाडाखालीं उभें राहूं नये, व जनावरेंही तेथें बांधूं नयेत. त्यानंतर शेतांतील पाणी काढणें हें पहिलें काम. तूर व कपाशी यांच्या बाबतींत एका-दोन दिवसांचा उशीरही भोंवतो. वाफसा येतांच हलकी डवरणी करून मुळांस हवा द्यावी. कलंडलेलीं झाडें सरळ करून बुडाशीं माती दाबावी. मर दिसल्यास औषधाविषयीं करडा येथील कृषि विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचें डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ यांचा सल्ला घ्यावा. दुकानदाराच्या शिफारशीवर विसंबूं नये. भिजलेलें, बुरशी धरलेलें कुटार जनावरांस घालूं नये. हानीचीं छायाचित्रें त्याच दिवशीं काढून ठेवावीं, आणि तलाठी व कृषि सहायक यांस लेखी कळवून पोंच घ्यावी.

ओला माल हातीं आल्यास. तो पोत्यांत भरूं नये. पातळ पसरून, दिवसांतून तीन-चार वेळां हलवून वाळवावा. भिजलेला व न भिजलेला माल एकत्र करूं नये. मूठभर डागी दाणे चांगल्या पोत्याचा भाव पाडतात.

बियाण्याची राखण. ज्या तुकड्याचें सोयाबीन पावसांतून वांचलें, तेंच बियाण्यासाठीं निराळें काढावें. मळणी यंत्राची गति कमी ठेवावी, म्हणजे पातळ साल फुटत नाहीं. पोतीं आदळूं नयेत, ओल्या भिंतीस टेकवूं नयेत, आणि चार-पांचांहून उंच थप्पी रचूं नये. पेरणीपूर्वीं उगवण पाहावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनें मांडून गुंडाळावे, व तें ओलसर ठेवावें. सहा-सात दिवसांनीं चांगले कोंब मोजावे. सत्तर निघाले तर एकरीं ३० किलो बियाणें पुरतें. साठ निघाले तर त्याच हिशेबानें ३५ किलो लागेल. त्याहून फार कमी निघाल्यास तें धान्य म्हणून विकावें, बियाणें म्हणून पेरूं नये. या परीक्षेस एक गोणपाट व एक आठवडा लागतो. ती न केल्यास एक हंगाम लागतो.

८. एकट्याचें काम नव्हे

वर सांगितलेल्या गोष्टींपैकीं कांहीं एकट्या शेतकऱ्यास साधतील, कांहीं साधणार नाहींत. दोन एकरांच्या धन्यापाशीं चार ताडपत्र्या कोठून असणार? इशाऱ्याच्या दोन दिवसांत गांवांतील प्रत्येक जण एकाच हडंब्याच्या मागें लागतो, आणि ज्याची ओळख मोठी त्याचें खळें आधीं उरकतें. सांडव्याची नाली एकानें खोदली व खालच्या शेजाऱ्यानें बुजविली, तर दोघांचेंही शेत बुडतें, वर भांडण तहसिलीपर्यंत जातें. म्हणून हा विषय आम्ही सभासदांपुढें ठेवीत आहों.

गांवच्या सोसायटीनें किंवा शेतकरी गटानें चार कामें अंगावर घ्यावीं. उन्हाळ्यांत सामाईक नाले व शेतनाल्या यांची सफाई. सप्टेंबरपूर्वीं ताडपत्र्यांचा सामाईक सांठा, व त्या भाड्यानें देण्याची वही. मळणी यंत्राची पाळी ठरविण्याचा नियम, ज्यांत पिकलेल्या रानास प्रथम मान असावा, मोठ्या खातेदारास नसावा. आणि चवथें, गांवापुरतें बियाणें दोन-तीन निरनिराळ्या शिवारांत राखणें, म्हणजे एका ओढ्याच्या पुरानें सर्वांचें बी जाणार नाहीं. यांपैकीं एकाही कामास मोठें भांडवल लागत नाहीं. लागतो तो पाऊस येण्यापूर्वींचा विचार.

शेवटीं न्याय्य दृष्टीनें हेंही म्हटलें पाहिजे, कीं वादळाचा पाऊस सर्वथा शत्रु नव्हे. त्यानें विहिरी भरतात, तलाव भरतात, आणि ज्या ओलीवर आपला हरभरा येतो ती ओल जमिनींत राहते. खरीप भिजलेल्या वर्षीं वाफसा साधून हरभऱ्याची वेळेवर पेरणी करणें, हाच गेलेल्या पैशाचा कांहीं भाग परत मिळविण्याचा सरळ मार्ग आहे. समुद्रावर काय उठावें हें आपल्या हातीं नाहीं. तें उठल्याचें कळल्यावर दोन दिवसांत आपल्या शिवारांत काय व्हावें, हें मात्र बव्हंशीं आपल्या हातीं आहे. आणि त्याची तयारी येत्या पेरणीपासूनच करावयास हवी.